सात मजल्यांची सावली

चारकोप, कांदिवली
२१ जानेवारी २०२४

सुयोग,

वकील मॅडमनी बजावून सांगितलंय, केसबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. बोटीबद्दल नाही, आणि बोटीत जे सापडलं त्याबद्दल तर नाहीच. मी या पत्राचा फोटो त्यांना पाठवणार, त्या तिकडच्या वकिलाला पाठवणार, आणि तो कागदावर छापून तुझ्या हातात देणार. मधे कितीजण वाचतील कोण जाणे. मग मी लिहू तरी काय, विचारलं. म्हणाल्या, घरचं लिहा. म्हणून गाडीचं लिहिते.

मी गाडी चालवायला शिकले. हसू नकोस. ‘मी सुट्टीवर आलो की शिकवतो’ म्हणून तू गेलास, आणि ती सुट्टी काही आली नाही. बाबांचं डायलिसिस थोडंच थांबणार होतं? आठवड्यातून तीनदा बोरिवलीला जायचं, आणि येताना रिक्षाचे धक्के. त्या धक्क्यांसाठीच तर तू गाडी घेतलीस. ती दारात झाकून ठेवायची आणि बाबांना रिक्षात कोंबायचं, हे मला बघवेना. कॉलेजच्या ऑफिसमधली एक मैत्रीण महिनाभर रोज माझ्याबरोबर बसली. शिकले.

पहिल्या दिवशी बाबा बसायलाच तयार नव्हते. “माका रिक्षा बरी,” म्हणून ओट्यावर ठाण मांडलं. शेवटी शेजारून भीमराज काका आले, पुढचं दार उघडून आत बसले आणि म्हणाले, “गुणाजी, मेलो तर दोघं मरू. चल ये.” तेव्हा कुठे बसले. लिंक रोडवर एका टेम्पोवाल्याने मला जी शिवी घातली ती इथे लिहिता येणार नाही. बाबांनी काच खाली करून त्याला मालवणीत त्याहून मोठी घातली. तिथपासून त्यांची भीती गेली.

वरचे सोलर पॅनल मी आणि रुची धुतो. ऊन चढलं की गाडीला वायर लावायची, ते बाबा करतात. मी ऑफिसमधून आले की ऐटीत सांगतात, “गाडयेक चाय पाजलंय.” छपरावरच्या उन्हावर गाडी पळते याचं त्यांना अजून नवल वाटतं. आल्यागेल्याला वर नेऊन दाखवतात आणि म्हणतात, सगळं माझ्या मुलाने स्वतःच्या हातांनी बसवलंय.

त्यांना खरं सांगितलेलं नाही. बोट कुठल्याशा बंदरात दुरुस्तीला लागली आहे, तिथे फोन लागत नाही, एवढंच माहीत आहे त्यांना. तू त्यांना वेगळं पत्र लिहिलंस तर तसंच लिही. भीमराज काकांना मात्र सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवं होतं रे.

बाकी ठीक. समोरच्या सोसायटीची जुनी घरं पाडून काही महिन्यांपासून काहीतरी बांधतायत. धूळ फार येते, म्हणून पॅनल जास्त वेळा धुवावे लागतात, इतकंच.

अक्षता

चारकोप
१० मार्च २०२४

सुयोग,

तुझा कागद मिळाला. अर्धं पान. तुझं अक्षर इतकं बारीक कधीपासून झालं? कागद कमी देत असतील.

अर्ध्या पानात तू तुझ्याबद्दल एक ओळ लिहिलीस आणि बाकी सगळं पॅनलबद्दल. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, तुलाही केसबद्दल लिहायचं नाही.

तर उत्तरं देते. हो, बांधकाम दक्षिणेलाच आहे. हो, दुपारी पुढच्या दोन पॅनलवर सावली येते. आणि तू म्हणतोस तसंच होतंय, सावली दोनवर पडते पण सहाही पॅनल मंदावतात. गाडी पूर्वी संध्याकाळपर्यंत भरायची, ती आता अर्ध्यावर राहते. मग बाकीचं रात्री घरच्या मीटरवर.

किती मजले होणार, विचारलंस. सात म्हणतात.

रुचीला सगळं माहीत आहे. अकरा वर्षांच्या मुलीपासून फोनवरची बातमी लपत नाही. मला वाटलं होतं रडेल. रडली नाही. परवा बाबांनी तिला विचारलं, “बाबाची बोट नीट झाली काय गो?” तर ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, “आजोबा, पार्ट जर्मनीहून यायचाय ना, वेळ लागणार.” जर्मनी मी सांगितलेली नव्हती. तिने स्वतः घातली. इतक्या सफाईने खोटं बोलली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

तुला पांघरूण आहे का? तिकडे थंडी असते का, हेसुद्धा मला माहीत नाही.

अक्षता

चारकोप
२६ मे २०२४

सुयोग,

तुझं चित्र आलं. बाबांनी ते देवांच्या फोटोंशेजारी लावलंय. त्यांना सांगितलं, बोटीवरून आलं.

चित्राप्रमाणे सगळं केलं. पुढचे दोन पॅनल काढून मागे टाकीच्या वर नेले, पाईपच्या उंच चौकटीवर. भीमराज काकांनी ओळखीचा वेल्डर आणला. तो काम करत होता आणि काका तुझा कागद हातात धरून त्याला ओरडत होते, “अरे इकडे नाही, चित्रात बघ, बाण कुठे काढलाय त्याने!” बाबा खाली खुर्चीत. वर कोणी येऊ देईना म्हणून चिडलेले. संध्याकाळी दोन शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना वर नेलंच. सहाही पॅनल उन्हात चमकत होते. बाबांनी टाकीला हात लावला, चौकट हलवून बघितली, आणि म्हणाले, “घट्ट आसा.”

गाडी पुन्हा भरायला लागली. पहिल्यासारखी. बाबांनी आळीभर खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. गोड त्यांना चालतं, पण डायलिसिसमुळे खोबरं चालत नाही, तरी एक खाल्लीच.

आणि आता मला जे लिहायचं आहे ते.

सात मजले नाहीत, सुयोग. तेवीस आहेत. बांधकामाभोवतीच्या पत्र्यावर फलक लावलाय, मी रोज त्याच्यासमोरून जाते. तुला लिहिलं तेव्हाही माहीत होतं.

तू अर्ध्या पानात मला एक दुरुस्त करता येण्यासारखी गोष्ट विचारलीस. तेवीस लिहिलं असतं तर तू काय केलं असतंस? काहीच करता आलं नसतं. सात लिहिलं म्हणून तू चित्र काढायला बसलास. मला वाटलं, बसू दे. चार दिवस त्याला काम मिळेल, डोकं त्यात राहील.

गाडी भरतेय ती चित्रामुळे नाही, हेही मला कळलंय. मे महिना आहे. ऊन सरळ डोक्यावर येतं, कुठल्याच इमारतीची सावली लांब पडत नाही. थंडीत सूर्य खाली उतरेल तेव्हा काय ते दिसेल. तोवर ते चौदा, पंधरा, किती मजले वर गेलेले असतील. तू तिथे बसून सात मजल्यांची सावली मोजलीस. पेन्सिल कोणाकडून मागून घेतली असशील. ते आठवलं की मला झोप लागत नाही.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. ते अजून वड्यांचं कौतुक ऐकतायत.

अक्षता

चारकोप
३ नोव्हेंबर २०२४

सुयोग,

पाच महिने लिहिलं नाही. मॅडमनी जुलैत फोनवर आकडा सांगितला. किती वर्षं, ते मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. फोन ठेवला आणि बाबांना डायलिसिसला घेऊन गेले. वाटेत त्यांनी विचारलं, आज गप्प कित्या? म्हटलं, ट्रॅफिक.

दिवाळीत सावली आली. सकाळी उशिरा येते ती दुपार सरेपर्यंत हलत नाही. टाकीवरचे दोन पॅनलसुद्धा तिच्यात. रुचीने कंदील वर लावायचं ठरवलं होतं, वर गेली आणि तशीच खाली आली. म्हणाली, “आई, तिथे दिवसाच संध्याकाळ झालीये.”

आता आपल्याही आळीचं ठरलंय. सगळी बैठी घरं पाडून इमारत. समाजमंदिरात मीटिंग होती. तू ओळखतोस सगळ्यांना, नावं लिहीत नाही. निम्म्याहून जास्त जणांनी सह्या दिल्यात. मी उठून म्हटलं, आमच्या घरात पेशंट आहे, आमची गाडी आमच्या छपरावर भरते, नव्या इमारतीत आम्हाला छप्पर देणार का? लोक हसले. वाईट नाही हसले, पण हसले. बिल्डरचा माणूस म्हणाला, “मॅडम, गच्ची सगळ्यांची असते.” मग त्याने घराच्या कागदावरची दोन नावं वाचली. गुणाजी आणि सुयोग. “सुयोग साहेब कुठे आहेत? त्यांची सही लागेल. की त्यांना मुद्दाम लांब ठेवलंय?”

मी काही बोलायच्या आत भीमराज काका उभे राहिले. लाल झाले होते.

“लाज वाटते का? पोरीचा नवरा परदेशात तुरुंगात पडलाय! एकटी सगळं ओढतेय ती. तिला टोचून बोलता?”

काकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. ते उठले. काठी घेतली आणि दाराकडे चालू लागले. मी मागे धावले.

घरात नाही आले ते. दारातल्या गाडीत बसले, नेहमीच्या जागी. मी दुसरीकडून बसले.

“माझो झील जेलात आसा?”

“हो, बाबा.”

“किती म्हयने झाले?”

“वर्ष होऊन गेलं.”

“तेणां काय केल्यान?”

“काही नाही केलं त्याने.”

“मग कित्याक ठेवलेत तेका?”

सुयोग, मी इतक्या वकिलांशी बोलले, इतके कागद वाचले, पण बाबांना सांगता येईल असं एकही वाक्य मला सापडलं नाही. ते समोरच्या काचेतून बघत होते. समोर आपल्याच घराची भिंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतीवर सही केली; बिल्डरला तेवढी पुरली. मी म्हटलं, बाबा, घाई नको, आपण नाही म्हणू शकतो. मला म्हणाले, “कोणासाठी ठेवतलंय घर?”

काका संध्याकाळी आले. दारातच उभे. बाबांनी आत बोलावलं, पाणी द्यायला लावलं. म्हणाले, “तू बोललंस तां बरां झालां. घरातल्यांनी सांगूक नाय.” माझ्याकडे बघितलं नाही.

अक्षता

मालाड पश्चिम
१६ मार्च २०२५

सुयोग,

पत्ता बदललाय, वर बघ. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आळीतली सगळी घरं एकदम भाड्याची जागा शोधायला निघाली, त्यात जी मिळाली ती घेतली. डायलिसिसच्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवून दोन माणसं खाली नेतात आणि वर आणतात. प्रत्येक मजल्यावर टेकायला थांबतात. बाबा तेव्हा डोळे मिटून घेतात.

भीमराज काका लेकीकडे कुर्ल्याला गेले. त्यांचे मेहुणे दादू खाडीपलीकडे मनोरीला राहतात, त्यांचं कौलारू घर पाडून स्लॅब टाकलाय. पॅनल त्यांना दिले. इथे ठेवणार कुठे? मार्वेच्या जेट्टीवर मी स्वतः गेले होते. बोटीत सहा पॅनल उभे बांधले आणि दोन बाजूंनी माणसं धरून बसली. भरती होती, पाणी उडत होतं. दादू मला म्हणाले, “ताई, घाबरू नका, आमच्याकडे समोर समुद्र आहे. सावली पाडायला कोण येतंय?” चांगला माणूस आहे. मला त्याचा हेवा वाटला आणि मग त्याची लाज वाटली.

गाडीचं अवघड झालं. इथल्या सोसायटीत भाडेकरूंना पार्किंग नाही, म्हणून ती रस्त्यावर असते. चार्जिंगला मी खिडकीतून वायर खाली सोडली. लांब जोड घेतला, झाडाला बांधून गाडीपर्यंत नेला. दोन आठवडे चाललं. मग सेक्रेटरी वर आले. सौरभ नाव, तरुण आहे, बोलायला नीट.

“ताई, ही वायर काढावी लागेल.”

“कोणाला लागत नाहीये ती. उंच बांधलीय.”

“मुलं खेळतात खाली. आणि या गाड्या पेट घेतात असं लोक म्हणतात. माझ्याकडे तक्रारी आल्यात.”

“मग आम्हाला खाली एक सॉकेट द्या. मीटर माझ्या खर्चाने बसवते.”

“भाडेकरूला कसं देणार? मालकाने मागायला हवं.”

मालकाला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही अकरा महिन्यांसाठी आहात हो, कशाला खटपट करता.

आता मॉलच्या चार्जरवर जाते. पुढे गाड्या असतात. परवा डायलिसिसहून येताना चार्ज अगदी संपत आला, म्हणून तिथे थांबावं लागलं. बाबांना थंडी भरली होती. मी माझी ओढणी, गाडीतला टॉवेल, सगळं त्यांच्या अंगावर घातलं. पुढच्या गाडीवाल्याला जाऊन विनंती केली. तो फोनवर काहीतरी बघत होता, म्हणाला, झालंच. झालंच म्हणायला त्याचं काय जातंय. बाबा गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, आणि काचेबाहेर बायका पिशव्या घेऊन चालल्या होत्या. बाबा म्हणाले, “आपलां छप्पर होतां तेव्हा बरां होतां.” तक्रार नव्हती. हवा गरम आहे म्हणावं तसं म्हणाले.

तुझा कागद बरेच दिवस नाही. मॅडम म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी हलवलं असेल. कुठे?

अक्षता

मालाड पश्चिम
९ नोव्हेंबर २०२५

सुयोग,

यापुढे काही लपवणार नाही. लपवून तुझं भलं झालं नाही, बाबांचंही नाही.

गाडी गेल्या महिन्यात विकली. ठाण्याच्या एका जोडप्याने घेतली, त्यांचा बंगला आहे. पावसाळ्यात दोनदा ती वाटेत बंद पडायच्या बेतात आली, बाबा मागे, मी घामाघूम. तिसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नव्हतं. न्यायला आले तेव्हा बाबा खिडकीजवळच्या कॉटवर होते. त्यांना कळू नये असं वाटत होतं आणि कळलंही नाही. त्या गाडीला आवाज कुठे असतो? मी वर आले, तर म्हणाले, “गाडयेक चाय पाजलंस?” मी हो म्हटलं. पण ते खोटं मला रात्रीपर्यंतसुद्धा ठेवता आलं नाही. जेवताना सांगून टाकलं. त्यांनी घास खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

त्यानंतर टॅक्सीने नेत होते. कधी येते, कधी वाटेतूनच नाही म्हणते. गेल्या सोमवारी परत येताना दुसऱ्या मजल्यावर खुर्ची उचलणाऱ्याचा पाय सरकला. बाबा पडले नाहीत, पण भिंतीला कोपर घासलं. वर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, “आता पुरे.”

मला वाटलं, पाणी पुरे.

बुधवारी डायलिसिसला जायचे कपडे मी काढून ठेवले, त्यांनी हात पुढे केला नाही. मी रागावले. रडले. रुचीला पुढे केलं, तिने आजोबांचे पाय धरले. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. शुक्रवारी भीमराज काका कुर्ल्याहून आले. आल्या आल्या म्हणाले, “गुणाजी, उठ. मेलो तर दोघं मरू म्हणालो होतो ना?” बाबा हसले. खरंच हसले. म्हणाले, “तू नंतर ये.” काका माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभे राहिले आणि मुलासारखे रडले.

डॉक्टर घरी येऊन गेले. फार दिवस नाहीत, म्हणाले. पायांना सूज आहे, रात्री बसूनच झोपतात. मॅडमनाही फोन केला, तुला एकदा बोलू देतील का विचारलं. अर्ज केलाय म्हणाल्या. त्याच फोनमध्ये अपील फेटाळल्याचंही सांगितलं. तेही तुला माझ्याआधी कळलं असेल.

हे पत्र तुझ्या हातात पडायला आठवडे जातात. तोवर काय झालेलं असेल ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. मी अग्नी कोणाच्या हातून द्यायचा हे ठरवलं नव्हतं. काल रुचीने स्वतःहून सांगितलं, मी देईन. मी नाही म्हटलं नाही.

आज दुपारी बाबांना जरा बरं वाटत होतं. मी त्यांच्याजवळ बसून तुला लिहीत होते. विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले,

“मी वाट बघतंय असां लिवू नको. तेका घोर लागात.”

“मग काय लिहू, बाबा?”

“जेवतंस मां, इतक्यांच इचार.”

तर विचारते. सुयोग, जेवतोस ना?

अक्षता